ग्रात्सचा मनोरा आणि परकोटातला वाडा

वैशाखातल्या एका दुपारी अकोल्याच्या घरी अमरावतीहून एक लिफाफा आला. आत वाड्याच्या विक्रीचा मसुदा होता. धाकट्या दिरांनी समासात पेन्सिलीने लिहिले होते : "दादा, वाचून घ्या. घाई नाही, पण पावसाळ्यात काय ते ठरावे." सरांनी कागद वाचला, त्याची पूर्वीसारखीच घडी घातली आणि काही न बोलता तो पारपत्रांच्या पिशवीत ठेवून दिला. बाईंनी ते पाहिले. पण त्याही काही बोलल्या नाहीत. श्रुतपंचमी आटोपली की दोघांना मुलाकडे ऑस्ट्रियातील ग्रात्स या शहरी जायचे होते. घरात एका बाजूला प्रवासाची तयारी चालली होती आणि दुसऱ्या बाजूला त्या कागदाविषयीचे मौन.

दोघेही निवृत्त शिक्षक. सर इतिहास शिकवीत, बाई मराठी. चाळीस वर्षे अकोल्यात गेली असली तरी सरांचे मूळ घर अमरावतीच्या परकोटातले. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अंमलात 1807 साली हा दगडी परकोट बांधायला घेतला. त्याला पाच वेशी आणि चार खिडक्या. त्या भिंतीच्या आत, गल्लीच्या वळणावर सरांच्या पणजोबांचा वाडा होता : दिंडी दरवाजा, ढेलज, चौक, सागवानी खांब आणि दर्शनी भागावर पुस्तकांची माडी. आता मागच्या दोन खणांचे छप्पर बसले होते. चौकात शेवाळ होते. धाकटे दीर गावात दुसरीकडे राहत होते. जाऊबाईंचे डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांना दर महिन्याला पैशांची चणचण भासे. एका बांधकाम व्यावसायिकाने पूर्ण जागेला चांगला भाव देऊ केला होता. त्या मसुद्यात कोणाचाही लोभ नव्हता, आणि म्हणूनच तो नाकारणे अवघड होते.

व्हिएन्नाहून ग्रात्सला आगगाडीने अडीच तास लागतात. वाटेत झेमरिंगचा डोंगरी लोहमार्ग लागतो. तो 1854 साली पूर्ण झाला, म्हणजे मुंबई–ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. उंच दगडी कमानींवरून गाडी वळणे घेत होती. हा मार्ग आता जागतिक वारसा म्हणून जपला जातो आणि तरीही रोजच्या गाड्या त्यावरून धावतात, असे मुलाने सांगितले. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आपली शकुंतला आठवते का? मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी?" बाईंना आठवत होती. लग्नानंतर एकदा दोघे तिच्यातून गेले होते. आता ती गाडी धावत नव्हती.

ग्रात्स हे ऑस्ट्रियातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर आणि श्टायरमार्क प्रांताची राजधानी. मुर नदी त्याच्या मधून वाहते. जुन्या शहराला 1999 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लाल कौलांची उतरती छपरे, आतल्या बाजूला उघडणारे चौक, रंगीत भिंती. बाईंना हे सगळे परके वाटण्याऐवजी ओळखीचेच वाटले. चौकात उभे राहून वर पाहिले की आकाशाचा तेवढाच चौकोनी तुकडा दिसे, जेवढा वाड्यात दिसत असे.

जेवणाचा प्रश्न त्यांना वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. सुनेने कंदमुळे वर्ज्य करून स्वयंपाक मांडला होता. बाजारात शेतकरी स्वतः भाजी घेऊन बसत. भोपळ्याच्या बियांचे गडद हिरवे तेल ही त्या प्रांताची खासियत. कोशिंबिरीवर ते ओतलेले पाहून बाईंना आपल्याकडच्या जवसाच्या चटणीची आठवण झाली. सूर्यास्ताने मात्र रोज गंमत केली. आषाढाच्या तोंडावर तिथे नऊच्या सुमारास दिवस मावळतो. रात्रीभोजनाच्या नियमाला आठ वाजताही बाध येत नव्हता. तरी सरांना सवयीने सहालाच भूक लागे आणि जेवण झाल्यावर पुढे तीन तास ऊन शिल्लक असे. त्या लांबलेल्या संध्याकाळी दोघे पायी शहर पाहू लागले.

पहिल्याच आठवड्यात मुलाने त्यांना शहरामधल्या टेकडीवर नेले. तिचे नाव श्लॉसबेर्ग, म्हणजे गडाची टेकडी. वर जाण्यासाठी कड्यात खोदलेल्या पायऱ्या आहेत आणि डोंगराच्या पोटातून उद्वाहकही आहे. वर पोचल्यावर सरांनी सभोवार पाहिले आणि विचारले, "गड कुठे आहे?" गड नव्हता. बाग होती, झाडे होती, आणि कड्यावर एकटा घड्याळाचा मनोरा उभा होता.

त्या मनोऱ्याची हकिकत मुलाने सांगितली आणि सर शाळेतल्या मुलासारखे ऐकत राहिले. 1809 साली नेपोलियनच्या फौजांनी या गडाला वेढा घातला. मेजर हाकर नावाच्या अधिकाऱ्याने थोड्या शिबंदीनिशी तो लढवला, आणि हल्ल्यांमागून हल्ले होऊनही गड पडला नाही. परंतु ऑस्ट्रिया युद्ध हरली आणि तहानंतर, लढून न मिळालेला गड सुरुंग लावून पाडण्याचे ठरले. तेव्हा शहरातल्या नागरिकांनी पैसे गोळा केले आणि फ्रेंचांना खंडणी भरून दोन वास्तू सोडवून घेतल्या. एक हा घड्याळाचा मनोरा आणि दुसरा घंटेचा. बाकी तटबंदी जमीनदोस्त झाली.

"1809," सर हळूच म्हणाले. "आपल्या परकोटाचे काम सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. आपण भिंत बांधत होतो, आणि इथे हे भिंत गमावत होते."

बाईंचे लक्ष घड्याळाकडे होते. त्याचे काटे उलटे आहेत : लांब काटा तास दाखवतो, आखूड काटा मिनिटे. पूर्वी घड्याळाला एकच काटा होता, तासाचा. शेतातून, नदीपलीकडून तो दिसावा म्हणून लांब ठेवलेला. मिनिटांचा काटा नंतर आला आणि त्याला उरलेली लांबी मिळाली. बाईंनी आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवून पाहिली. आधी चुकल्या, मग जमले. "म्हणजे जुने मोडले नाही," त्या म्हणाल्या, "नव्यालाच त्याच्याशी जमवून घ्यायला लावले."

त्याच कड्यावरून खाली पाहताना नदीच्या पलीकडे लाल छपरांमध्ये एक निळा, फुगीर, चकचकीत आकार दिसत होता. एखादा अवाढव्य प्राणी घरांच्या मध्ये येऊन बसावा तसा. ते होते कुन्स्टहाउस, आधुनिक कलेचे संग्रहालय. 2003 साली ग्रात्स युरोपची सांस्कृतिक राजधानी होते, त्या वर्षी ते उभे राहिले. पीटर कुक आणि कॉलिन फुर्निये हे त्याचे वास्तुरचनाकार. त्यांनीच त्याला प्रेमळ परग्रहवासी असे नाव दिले. सरांना ते मुळीच आवडले नाही. "जुन्या गावात हे असे?" त्यांनी विचारले. मुलगा हसला. "बाबा, उद्या जवळून बघा."

जवळून पाहिल्यावर सरांचे मत पूर्ण बदलले नाही. पण त्यांना एक गोष्ट दिसली. त्या निळ्या वास्तूला लागूनच एक जुनी इमारत आहे, 1848 सालची, ओतीव लोखंडाची. तिला लोखंडी घर असेच म्हणतात. नवे संग्रहालय बांधताना ती पाडली नाही, तर नव्या वास्तूचाच भाग करून घेतली. निळ्या छतावर वर आलेल्या नळ्यांतून आत उजेड येतो. त्यांपैकी एका नळीचे तोंड मुद्दाम टेकडीच्या दिशेला वळवले आहे. आतून तिच्यातून पाहिले की घड्याळाचा मनोरा दिसतो. अंधार पडल्यावर दर्शनी भागातले 930 दिवे उजळतात आणि त्यांतून मोठी चित्रे हलताना दिसतात. वास्तू कायम असते, तिच्यावरचे चित्र मात्र बदलत राहते.

पुढचे काही दिवस दोघांनी एकेक ठिकाण सावकाश पाहिले. जुन्या शस्त्रागाराच्या दाराशी बाई थबकल्या. आत सुमारे 32,000 शस्त्रे आणि चिलखते आहेत. आयुष्यभर मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या बाईंना त्या भाल्या-बंदुकांच्या ओळींमधून चालणे जड गेले. परंतु तिथल्या माहितीत एक तपशील होता. अठराव्या शतकात मारिया तेरेसा राणीने प्रांतांची शस्त्रागारे बंद करायला काढली, तेव्हा श्टायरमार्कच्या प्रतिनिधींनी विनंती केली की हे शस्त्रागार वापरासाठी नको, आठवण म्हणून राहू द्यावे. "शस्त्र हातात धरायचे नाही, पण इथे काय घडले हेही विसरायचे नाही," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. "हे जमणे सोपे नाही."

नगरोद्यानातली एक साधी इमारत मुलाने मुद्दाम दाखवली. एके काळी ते उपाहारगृह होते. मोडकळीला आले आणि पाडायचे ठरले. तेव्हा शहरातले तरुण चित्रकार आणि लेखक आडवे आले. त्यांनी ती जागा मागून घेतली, दुरुस्त केली आणि 1960 साली तिथे फोरुम श्टाटपार्क हे कलाकेंद्र सुरू झाले. मानुस्क्रिप्टे हे वाङ्मयीन नियतकालिक त्याच वर्तुळातून निघाले. 2019 साली नोबेल पारितोषिक मिळवणारे पीटर हांडके ग्रात्समध्ये कायद्याचे विद्यार्थी असताना त्यात लिहू लागले. सर त्या इमारतीसमोर बराच वेळ उभे राहिले. तिच्यात कोरीव खांब नव्हते, कमानी नव्हत्या. वास्तू म्हणून ती कोणाच्याही डोळ्यांत भरली नसती. तिच्यात पुढे काय झाले, यामुळे ती मोठी ठरली होती.

या सगळ्या कौतुकाला एका ठिकाणी खीळ बसली. नदीच्या उजव्या काठावर ज्यू समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. जुने मंदिर 1938 सालच्या नोव्हेंबरातल्या एका रात्री जाळण्यात आले. ते जाळणारे कोणी नेपोलियनचे सैनिक नव्हते; ज्या शहराने खंडणी भरून आपला मनोरा सोडवला होता, त्याच शहरातले लोक त्यात होते. शेजाऱ्यांचे मंदिर त्यांनी वाचवले नाही. शेजारीही वाचवले नाहीत; पुढे फार थोडे परत आले. नवे मंदिर 2000 साली, त्याच जागी, जुन्या पायावर उभे राहिले. काचेच्या घुमटाची ती आधुनिक वास्तू आहे. पण तिच्या भिंतींत जुन्या मंदिराच्या विटा बसवल्या आहेत. त्या विटा शहरातल्या शाळकरी मुलांनी हातांनी घासून स्वच्छ केल्या होत्या.

हे ऐकून बाई भिंतीजवळ गेल्या. चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या त्या बाईंना ती मुले डोळ्यांसमोर दिसू लागली : रांगेत बसलेली, प्रत्येकाच्या हातात एक वीट, आणि कोणीतरी शिक्षक त्यांना सांगतो आहे की ही वीट कोणाच्या घराची होती. "धडा असा शिकवावा," त्या म्हणाल्या. सर काही बोलले नाहीत. परतताना मात्र त्यांनी, अमरावती सोडल्यापासून प्रथमच, आपणहोऊन वाड्याचा विषय काढला.

त्या संध्याकाळी चौघे नदीतल्या तरंगत्या बेटावर बसले होते. व्हितो अकोन्ची या कलावंताने 2003 सालीच रचलेला तो पोलाद आणि काचेचा शिंपला. दोन्ही काठांना पुलांनी जोडलेला. खालून मुरचे पाणी खळाळत होते. सरांनी पिशवीतून मसुदा काढून मेजावर ठेवला.

"सही करू नये असे वाटते," ते म्हणाले. "आणि सही न केली तर धाकट्याने काय करावे, तेही कळत नाही."

मुलाने सरळ विचारले, "बाबा, वाडा ठेवला तर तिथे राहणार कोण? मी येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. नुसती भिंत धरून ठेवायची, हा आपल्या धर्माच्या दृष्टीनेही परिग्रहच ना?"

प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. सरांना उत्तर सुचले नाही. उत्तर बाईंनी दिले, पण बऱ्याच वेळाने.

"तू म्हणतोस ते खरे आहे. सगळे धरून ठेवायचे म्हटले तर तो परिग्रहच. या लोकांनीही गड कुठे वाचवला? तेवढे पैसेच नव्हते. दोन मनोरे वाचवले. पण ते फुकट नाही वाचवले; पदरचे पैसे मोजले. अहो, आपण सगळा वाडा का धरून बसलो आहोत? मागचे दोन खण तर पडलेच आहेत."

मग त्यांनी माडीचा विषय काढला. त्या माडीवरच्या कपाटात सासऱ्यांचे ग्रंथ होते. त्यांत षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला खंड होता, 1939 साली अमरावतीहून प्रसिद्ध झालेला. मूडबिद्रीच्या मठात ताडपत्रांवर शतकानुशतके हा ग्रंथ राहिला. लोक दुरून दर्शन घेत, वाचणारा कोणी नसे. पुढे त्याच्या नकला बाहेर आल्या आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक हीरालाल जैन यांनी सहकाऱ्यांसह त्याचे संपादन हाती घेतले. सोळा खंड पुरे व्हायला 1959 साल उजाडले. "ताडपत्रे जपली म्हणून ग्रंथ उरला," बाई म्हणाल्या, "आणि छापला म्हणून वाचला गेला. कुलपात ठेवला असता तर वाळवीनेच वाचला असता."

सर हसले. सुनेने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाड्याचा नकाशा काढायला सांगितले. सरांनी काढला : मागचे खण, चौक, पुढची ढेलज, वरची माडी. पुढचा भाग एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही थोडा कमी भरत होता. तेवढ्याभोवती बाईंनी बोटाने रेघ ओढली.

अकोल्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघे अमरावतीला गेले. बोलणे सोपे झाले नाही. दर्शनी भाग वगळला तर व्यावसायिक भाव उतरवणार, हे उघड होते आणि त्याने तो उतरवलाही. धाकटे दीर प्रथम गप्प राहिले, मग म्हणाले, "वहिनी, मला वाडा नको आहे असे नाही. पण दर महिन्याचा हिशेब मला चुकत नाही." तेव्हा सरांनी ठरवून आणलेली गोष्ट सांगितली. मागची जागा विकून येईल ती रक्कम पूर्ण धाकट्या भावाची. दर्शनी भागातला त्याचा हिस्सा सर विकत घेणार आणि भाव उतरल्याने झालेली तूटही तेच भरणार. त्यासाठी निवृत्तीच्या वेळी ठेवलेल्या ठेवीपैकी मोठी ठेव मोडावी लागली. ग्रात्सला पुन्हा जाण्यासाठी म्हणून बाजूला काढलेले पैसे तिच्यातच होते. मुलाने फोनवर आपला वाटा देऊ केला. सरांनी तो छपराच्या दुरुस्तीपुरता घेतला, हिश्शासाठी घेतला नाही. "ही खंडणी माझी आहे," ते म्हणाले. जाऊबाई अंथरुणावरून उठून चहा करायला निघाल्या. बाईंनी त्यांना बसवले आणि चहा स्वतः केला.

दिवाळीनंतर मागचे खण उतरवले. पाडकाम चालू असताना सर तिकडे फिरकले नाहीत. बाई मात्र गेल्या आणि पडलेल्या सागवानी तुळयांपैकी चार निवडून ठेवून आल्या. त्या तुळयांची पुढे मेजे झाली. माडीवर आता अभ्यासिका आहे. परकोटातल्या दाटीच्या घरांत अभ्यासाला जागा नसलेली मुले-मुली तिथे सकाळपासून बसतात. कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, कोणी बारावीची. पांढऱ्या उजेडाचे नवे दिवे सरांना अजूनही डोळ्यांना टोचतात. जुन्या लाकडी खांबाला विजेची नळी ठोकलेली पाहून त्यांनी एकदा नाराजी बोलून दाखवली. "निळा प्राणी आठवा," बाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच थांबला.

चौकाच्या जागी आता सिमेंटची भिंत आहे. तिच्याकडे पाहिले की सरांना अजून वाईट वाटते. ते कोणी नाकारत नाही. आकाशाचा तो चौकोन गेला, तो परत येणार नाही.

पुढच्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या सकाळी, माडीवरचे कपाट उघडले. वर्षानुवर्षे हे काम सर एकटेच करीत. या वेळी अभ्यासिकेतली तीन मुले आपणहोऊन मदतीला आली. ती जैन नव्हती. बाईंनी सांगितल्यावर त्यांनी हात धुतले आणि एकेक ग्रंथ काढून कोरड्या फडक्याने पुसला, नव्या वेष्टनात गुंडाळला. त्यांतल्या एका मुलीने धवलेचा पहिला खंड उघडून आतले पान पाहिले आणि आश्चर्याने विचारले, "सर, हे आपल्या अमरावतीत झाले?"

सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला सुरुवात केली.